मशीन पॉलिश घरच्या घरी : वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेली पत्रं गाडीच्या रंगाविषयी आहेत आणि ती खानापूरपासून निपाणी-चिकोडीपर्यंत सगळीकडून आली आहेत. पाऊस सरला, चिखल वाळला, गाडी धुऊन उन्हात उभी केली की रंगाची खरी अवस्था दिसते. बहुतेकांनी विचारलंय ते एकच: मशीन आणून घरीच पॉलिश जमेल का? जमेल. मात्र गाडीवरच्या पारदर्शक थराचा (क्लिअर कोटचा) साठा ठरलेला असतो आणि प्रत्येक पॉलिश त्यातलं थोडं घेऊन जातं. त्यामुळं कमीत कमी रंग काढून काम कसं भागेल, हे बघूनच पुढची उत्तरं दिली आहेत.

प्रश्न (खानापूर): माझी गडद निळी हॅचबॅक सहा वर्षांची आहे. जांबोटी-चोर्ला रस्त्यानं सतत येणं-जाणं असतं. उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात. मशीन कोणतं घ्यावं? घरी फॅब्रिकेशनचा चार इंची ग्राइंडर आहे, त्याला फोम लावून चालेल का? आणि काम नेमकं कसं करायचं?

उत्तर: ग्राइंडरचा विचार सोडून द्या. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. पॉलिशिंगचं रोटरी मशीन ६०० ते ३,००० फेऱ्यांत चालतं आणि कंपाउंड (जास्त कापणारं, भरड पॉलिश) मारताना तेही १,०००-१,५०० च्या फारसं वर नेत नाहीत. ग्राइंडरच्या वेगाला फोम फाटून उडतो, आणि टिकलाच तर काही सेकंदांत क्लिअर कोट जळून खालचा रंग उघडा पडतो. ड्रिल मशीनला लावायचे छोटे फोमही मिळतात. हेडलाइटपुरते ते ठीक आहेत, बॉनेटला नाहीत.

नवशिक्यानं घ्यावं ते ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे डीए मशीन. रोटरीत पॅड (पुढं लावायची फोमची किंवा लोकरीची गोल गादी) एकाच अक्षावर गरगर फिरतो आणि उष्णता एका जागी साठते. डीएमध्ये पॅड फिरतो आणि शिवाय एका छोट्या वर्तुळात डोलतोही. हात जास्त दाबला गेला की फिरणं थांबतं, नुसतं डोलणं उरतं, त्यामुळं चूक झाली तरी रंग वाचतो. या डोलण्याचा व्यास ८, १५ किंवा २१ मिमी असतो. हॅचबॅकला बाक जास्त, सपाट जागा कमी. तिला १५ मिमीचं, ५ इंची प्लेटचं (प्लेट म्हणजे पॅड चिकटवायची चकती) मशीन पुरतं. २१ मिमीचं मोठ्या गाडीच्या सपाट बॉनेटवर भराभर काम करतं, पण हँडलखाली आणि आरशाजवळ अडखळतं. त्याच मशीनला ३ इंची प्लेट बसत असेल तर तीही घेऊन ठेवा, खांबांवर आणि बंपरच्या कोपऱ्यांत कामाला येते.

सोबत लागेल ते असं: मध्यम कटिंगचे फोम पॅड तीन, फिनिशिंगचे मऊ पॅड दोन, एक मध्यम कंपाउंड, एक बारीक फिनिशिंग पॉलिश, २० मिमीची मास्किंग टेप, मायक्रोफायबर कपडे आठ-दहा, आणि १० ते १५ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारणीच्या बाटलीत. कपड्यांची शिवलेली लेबलं कात्रीनं कापून टाका, तीही ओरखडे पाडतात. कंपाउंडची २५० मिलीची बाटली छोट्या गाडीला पुरून उरते. लोकरीचा पॅड सध्या घेऊच नका.

आता मशीन लावण्याआधीचं काम, आणि निम्मं यश इथंच आहे. गाडी धुताना आधी नुसत्या पाण्याच्या जोरदार धारेनं माती उतरवा. मग दोन बादल्या घ्या: एकीत गाडीचा शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. ग्लोव्ह गाडीवर फिरवला की आधी साध्या पाण्यात खळबळायचा, मगच शॅम्पूत बुडवायचा. वरून खाली या. खालचा एक हात उंचीचा पट्टा सगळ्यात शेवटी, कारण खरी माती तिथं असते. यानंतर बोटांवर प्लास्टिकची पातळ पिशवी चढवून ओल्या बॉनेटवरून हात फिरवा. खरखर लागली तर क्ले बार, म्हणजे रुतलेली घाण उचलणारी मऊ मातीसारखी वडी, फिरवावा लागेल. क्लेच्या वडीचा पाव तुकडा घ्या, शॅम्पूच्या पाण्याची भरपूर फवारणी करा आणि दाब न देता सरळ रेषेत फिरवा. घाण दिसली की घडी घालून स्वच्छ बाजू वर आणा. क्ले जमिनीवर पडला तर तो तुकडा टाकूनच द्यायचा. त्यात रुतलेला एक खडा पूर्ण बॉनेट ओरबाडतो.

गाडी कोरडी झाली की काळी प्लास्टिकची पट्टी, रबर, बॅज आणि पत्र्याच्या सगळ्या तीक्ष्ण कडा टेपनं झाका. कडांवर रंग मुळातच पातळ बसतो आणि पॅडचा सगळा दाब त्या चिंचोळ्या रेषेवर येतो. रंग फुटतो तो बहुधा तिथंच. काळ्या प्लास्टिकवर वाळलेलं पांढरं कंपाउंड काढणं हा वेगळाच वैताग असतो, तोही टेपनं वाचतो.

पहिल्याच फटक्याला पूर्ण बॉनेट घेऊ नका. बॉनेटवर ४५ बाय ४५ सेंटीमीटरचा चौकोन टेपनं आखा आणि त्यावर सगळ्यात सौम्य जोडी वापरून बघा: मऊ पॅड आणि बारीक पॉलिश. ओरखडे पुरेसे गेले तर पूर्ण गाडी त्याच जोडीनं करा. नाही गेले तर पॉलिश तेच ठेवून पॅड मध्यम घ्या. तरीही नाही, तेव्हा कुठं कंपाउंड. उलट्या क्रमानं, म्हणजे जोरदार कंपाउंडनं सुरुवात केली, तर गरजेपेक्षा किती थर उडाला ते कधीच कळत नाही. दहातले सात-आठ ओरखडे गेले, एक-दोन खोल रेषा राहिल्या, तर राहू द्याव्यात. तेवढ्यासाठी सगळा थर खरवडणं परवडणारं नाही.

कोऱ्या पॅडवर आधी बोटानं पातळ पॉलिश सगळीकडं चोळून घ्या, कोरडा फोम रंग घासतो. त्यानंतर दर चौकोनाला वाटाण्याएवढे चार-पाच थेंब पुरतात. मशीन बंद असतानाच पॅड चौकोनात चार ठिकाणी टेकवून थेंब पसरा. मग वेगाची डायल १-२ वर ठेवून पॅड गाडीला टेकलेला असतानाच बटण दाबा. हवेत सुरू केलं तर पॉलिशचे शिंतोडे भिंतीपर्यंत जातात. एकदा सगळीकडं पसरलं की डायल ४-५. हात सेकंदाला दोन-तीन सेंटीमीटर एवढाच सरकवा. नवखी माणसं हमखास याच्या चौपट वेगानं हात चालवतात आणि मग मशीनमध्ये दम नाही म्हणतात. आधी आडवे पट्टे, मग उभे, प्रत्येक पट्टा आधीच्या निम्म्या पट्ट्यावर चढलेला. आडवे-उभे मिळून चार ते सहा फेऱ्या.

दाब किती? प्लेटच्या कडेवर मार्करनं एक जाड रेघ ओढा. मशीन चालू असताना ती रेघ संथपणे फिरताना दिसली पाहिजे. दिसेनाशी होईल इतक्या वेगानं फिरत असेल तर थोडा दाब वाढवा, जागीच थरथरत असेल तर हात हलका करा. बाकावर पॅड एका बाजूला कलला तरी रेघ थांबते, म्हणजे पॅड पूर्ण सपाट टेकलेला नाही.

प्रत्येक चौकोनानंतर पॅड नायलॉनच्या ब्रशनं झाडा किंवा कोरड्या टॉवेलवर चालवून पुसा. पॅडमध्ये वापरलेलं पॉलिश आणि उडालेला क्लिअर साठत जातो, त्याचा गोळा झाला की तोच नवे ओरखडे पाडतो. तीन-चार पॅनेल झाले की पॅड बदला. पांढरी पूड उडत असेल तर पॉलिश जास्त पडतंय किंवा पॅड सुकलाय. पाण्याचा एक बारीक फवारा पॅडवर मारा. पत्रा तळहाताला सोसेनासा तापला तर थांबा.

शेवटी चौकोन पुसा, अल्कोहोलचा फवारा मारून पुन्हा पुसा आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा. अल्कोहोल यासाठी की पॉलिशमधलं तेल बारीक रेषा भरून टाकतं आणि काम झाल्याचा भास होतो. कडक, न पातळलेलं अल्कोहोल मात्र रंग मऊ करतं, ते नको.

हे सगळं सावलीत, गार पत्र्यावर आणि वारा नसताना करायचं. अंगण मातीचं असेल तर आधी शिंपडून घ्या. आणि ओरखडे आले कुठून, त्याकडंही बघा. जांबोटीच्या रस्त्याची लाल माती गाडीवर वाळते आणि सकाळी कोणीतरी कोरड्या फडक्यानं ती गोल गोल पुसतं. त्या मातीतले गारगोटीचे कण क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण असतात. ही पुसापुशी थांबली नाही तर दोन-तीन महिन्यांत बॉनेट पुन्हा तसंच दिसेल, आणि गेलेला थर काही परत येणार नाही.

प्रश्न (निपाणी): गॅरेजात "एक हात कंपाउंड मारून नवी करून देतो" म्हणाले. आणली तेव्हा आरशासारखी होती. चार-पाच वेळा धुतल्यावर काळ्या रंगावर उन्हात इंद्रधनुषी वळ्या दिसू लागल्या, गाडी वळवली की त्याही हलतात. रंग बिघडला का?

उत्तर: बिघडला नाही, काम अर्धवट राहिलंय. याला होलोग्राम म्हणतात. रोटरी मशीनला लोकरीचा पॅड लावून जोरदार कंपाउंड मारलं की पॅडचे तंतू एकाच दिशेनं बारीक कमानी काढत जातात. मशीन तिरकं धरलं असेल तर जास्तच. हे घालवायला मऊ फोमवर बारीक पॉलिशचा दुसरा हात लागतो, तो दिलेला नाही. कंपाउंडमधल्या तेलानं त्या कमानी बुजल्या होत्या. शॅम्पूनं तेल गेलं आणि त्या उघड्या पडल्या. गॅरेजमधल्या ट्यूबलाइटखाली त्या तशाही दिसत नाहीत, म्हणून गाडी ताब्यात घेताना उन्हात उभी करून बघावी.

घरी डीए मशीन असेल तर मऊ फिनिशिंग पॅड, बारीक पॉलिश, डायल ३-४, आणि दाब मशीनच्या वजनाएवढाच. चार फेऱ्या पुरतात. पुन्हा कंपाउंड मारायला कोणालाही देऊ नका. गॅरेजलाच परत द्यायची असेल तर "अल्कोहोलनं पुसून उन्हात दाखवा" एवढी एक अट आधीच घाला.

प्रश्न (चिकोडी): जुनी गाडी घेतली आहे. एक दरवाजा रंगवलेला असावा असा संशय आहे. पॉलिश कितीदा करता येतं? रंग किती जाड असतो?

उत्तर: कारखान्यातून आलेल्या गाडीवर पत्र्यापासून वरपर्यंत सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात. तळाशी गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर क्लिअर कोट. त्यातला क्लिअर ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. बारीक पॉलिशच्या एका हातात एखादा मायक्रॉन जातो, कंपाउंड आणि पॉलिश मिळून दोन-तीन, आणि पॉलिश पेपर मारला तर त्याहून बराच जास्त. गाडीच्या पूर्ण आयुष्यात ८-१० मायक्रॉनच्या पुढं जाऊ नये. ऊन झेलणारा थर हाच आहे. तो फार पातळ झाला की दोन-चार उन्हाळ्यांत छतावर आणि बॉनेटवर पांढरट पोपडे सुटतात, आणि मग पुन्हा रंगवण्याशिवाय इलाज नसतो. म्हणून मशीनचा पूर्ण हात तीन-चार वर्षांतून एकदा, मधल्या काळात नुसतं वॅक्स.

दरवाजाची शंका फेडायला थिकनेस गेज, म्हणजे रंगाची जाडी मोजणारं यंत्र, उत्तम. शहरातल्या चांगल्या डिटेलिंगवाल्याकडं तो असतो, मोजून घ्यायला पाच मिनिटं लागतात. बाकीची गाडी ११०-१२० दाखवत असेल आणि एक दरवाजा २५०, तर तो रंगवलेला आहे. ५०० च्या वर आकडा गेला तर आत पोटीन (पत्र्याचे खड्डे बुजवायचं लुकण) आहे. गेज नसेल तर पातळ कपड्यात गुंडाळलेला फ्रिजवरचा छोटा चुंबक फिरवा, पोटीनवर त्याची पकड ढिली पडते. हा अंदाज झाला, मोजमाप नव्हे. बंपर प्लास्टिकचा, त्यावर चुंबकही चालत नाही आणि साधा गेजही.

आकडा मोठा म्हणजे घासायला मोकळीक, असं मात्र समजू नका. गेज सगळ्या थरांची बेरीज दाखवतो, वरचा क्लिअर किती ते सांगत नाही. रंगवलेल्या दरवाजाचा क्लिअर बहुतेक वेळा मऊ असतो, लवकर कापला जातो. तिथं सौम्य जोडीनंच थांबा. बंपरवरही तेच: प्लास्टिक उष्णता ओढून घेत नाही, रंग लवकर तापतो, म्हणून डायल ३-४ आणि एका जागी रेंगाळायचं नाही.

प्रश्न (उद्यमबाग, बेळगाव): पांढऱ्या गाडीवर तांबूस-तपकिरी बारीक ठिपके आलेत. धुऊन जात नाहीत. पॉलिशनं जातील का?

उत्तर: आधी पॉलिश नको, उलट नुकसान होईल. उद्यमबाग, मच्छे भागात फाउंड्र्या आणि मशीन शॉप आहेत; ग्राइंडिंगमधून उडालेले लोखंडाचे कण गाडीवर बसतात, क्लिअरमध्ये रुततात आणि पावसात गंजतात. पांढऱ्यावर ते दिसतात, काळ्यावरही असतातच. मशीन फिरवलं तर हे कण सुटून पॅडखाली येतील.

आयर्न रिमूव्हर मिळतं, ते गार पत्र्यावर सावलीत फवारा. लोखंड जिथं असेल तिथं ते जांभळं होऊन ओघळतं. तीन ते पाच मिनिटं थांबा, वाळू देऊ नका, भरपूर पाण्यानं धुवा. वास उग्र असतो, हातमोजे घाला आणि मोकळ्या जागेत करा. ठिपके राहिले तर पुन्हा एकदा. मग क्ले. एवढ्यावर बहुतेकांचं काम होतं आणि मशीन लागतही नाही. गाडी रोज शॉपच्या दाराशी उभी राहत असेल तर दर तीन-चार महिन्यांनी रिमूव्हर मारा, आणि ग्राइंडरच्या ठिणग्यांच्या टप्प्यात गाडी लावू नका. ठिणगी काचेवरही कायमचा डाग पाडते.

प्रश्न (गोकाक): बोअरच्या पाण्यानं गाडी धुतो. काळ्या गाडीवर पांढरे गोल डाग राहिलेत, काचेवरही. मशीननं घासू का?

उत्तर: बोअरच्या पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार आहेत हे. पाणी उडून जातं, क्षार उरतात. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात मिसळा, मायक्रोफायबर भिजवून डागावर एक-दोन मिनिटं ठेवा, न घासता पुसा आणि लगेच धुवा. ताजे डाग याने जातात. डाग गेल्यावरही बोटाला किंवा प्रकाशात खळगा जाणवत असेल तर उन्हात तापून क्षारानं क्लिअर खाल्लेला आहे. तिथं बारीक पॉलिश. तरीही खळगा राहिला तर तो तसाच सोडा. बाथरूम साफ करायचं अ‍ॅसिड कोणी सुचवलं तर ऐकू नका, ते रंग आणि क्रोम दोन्ही खातं.

पुढचे डाग टाळायचे तर सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर धुवा आणि एकेक बाजू धुऊन लगेच कोरडी करा. शेवटची धार साठवलेल्या पावसाच्या पाण्याची दिली तर फारच उत्तम. काही जण आरओतून फेकलं जाणारं पाणी वापरतात. त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षाही जास्त असतात.

प्रश्न (हुक्केरी तालुका): गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांना साइड देताना दारांवर लांब रेषा उठतात. शिवाय सकाळी गाडीवर कारखान्याची काळी राख असते. या रेषा जातील का?

उत्तर: उसाच्या पाल्याच्या कडा करवती असतात, त्यात सिलिका असते. बहुतेक रेषा क्लिअरच्या वरच्याच भागात राहतात. नखाची परीक्षा करा: नख रेषेवरून आडवं न्या. अडकलं नाही तर मध्यम पॅड आणि पॉलिशनं जाईल किंवा पुष्कळ फिकट होईल. नख अडकलं तर पॉलिशच्या हाताबाहेरचं आहे. तळाशी पांढरा-राखाडी प्रायमर किंवा पत्रा दिसत असेल तर गंज धरण्याआधी टच-अप रंग भरा.

राखेला कोरडा हात लावायचा नाही, फडकं तर नाहीच. चिपाडाच्या राखेतही सिलिका भरपूर असते, पुसली की ती घासते. पाण्याच्या धारेनं उतरवा. दव पडून ओली झालेली राख दिवसभर तशीच तापू देऊ नका. हंगाम संपेपर्यंत मशीन पॉलिश पुढं ढकलणं शहाणपणाचं: हंगामाआधी वॅक्सचा थर द्या आणि गुढीपाडव्यानंतर एकदाच काय तो हात मारा.

प्रश्न (शहापूर, बेळगाव): वडिलांच्या काळची लाल मारुती ८०० आहे. रंग गुलाबी-पांढरट पडलाय. पॉलिश केलं तर फडकं लाल होतं. रंग उडतोय का?

उत्तर: रंग उडतोय, पण घाबरण्यासारखं नाही. जुन्या साध्या रंगांवर अनेकदा वेगळा क्लिअर कोट नसतो. लाल रंग उन्हात विटून वर खडूसारखा थर येतो, तोच फडक्यावर उतरतो. खाली चांगला लाल शिल्लक असतो. (क्लिअर कोट असलेल्या नव्या गाडीवर पॅड रंगीत झाला तर मात्र तत्काळ थांबा, क्लिअर संपलेला आहे.)

या गाडीला कंपाउंड नको. मऊ पॅड, बारीक पॉलिश, डायल ३-४. पॅड फार लवकर भरतो, म्हणून प्रत्येक पॅनेलनंतर धुतलेला पॅड लावा. बॉनेटची कड आणि छताची पन्हाळ, इथं रंग सगळ्यात पातळ उरलेला असतो, तिथं हातानंच. झालं की त्याच दिवशी वॅक्स, नाहीतर विटणं पुन्हा सुरू होतं. ही गाडी सावलीत राहील एवढं बघा. 

प्रश्न (वडगाव): वीज गेली तर घरच्या इन्व्हर्टरवर मशीन चालेल का? एक्स्टेन्शन किती लांब चालेल?

उत्तर: इन्व्हर्टरवर नको. मशीन ७०० ते १,००० वॅट ओढतं, साधा घरगुती इन्व्हर्टर तेवढा भार झेलत नाही आणि चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर मशीनचा वेग-नियंत्रक बिघडू शकतो. वायर १.५ चौरस मिमीची, अर्थिंगसह तीन पिनांची, १५ मीटरपर्यंत. गुंडाळी पूर्ण उलगडूनच वापरा, गुंडाळलेली वायर तापते. मशीनची वायर खांद्यावरून पाठीमागं सोडा, म्हणजे पॅडखाली येत नाही आणि बॉनेटवर घासतही नाही.

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव): पॉलिशनंतर रंगावर संरक्षक थर कशाचा द्यावा: वॅक्स, सीलंट की सिरॅमिक? खंडेनवमीला पूजा असते, हळद-कुंकवाचे डाग राहतात.

उत्तर: घरी करणाऱ्यासाठी सिंथेटिक सीलंट. चार-सहा महिने टिकतं, आपल्याकडचा पाऊस झेलतं, लावायला सोपं. कार्नोबा वॅक्सला झळाळी सुरेख, पण पावसाळ्यात महिना-दोन महिन्यांवर जात नाही. सिरॅमिक जास्त टिकतं, मात्र त्याआधी पॉलिशचं तेल अल्कोहोलनं पूर्ण काढावं लागतं आणि लावताना राहिलेला डाग पुन्हा पॉलिश करूनच जातो. "९एच" म्हणजे ओरखडाच पडणार नाही, असा समज पसरवला जातो. तो आकडा पेन्सिलीच्या परीक्षेचा आहे; मातीवर फडकं फिरवलंत तर सिरॅमिकवरही ओरखडे येतात. नव्यानं रंगवलेल्या भागावर किमान महिनाभर यातलं काहीच लावू नका, रंगातलं द्रावण बाहेर पडू द्या.

पूजेच्या आधी दोन दिवस तरी सीलंट लावून ठेवा. हळद-कुंकू बोटानं काचेवर किंवा नंबर प्लेटवर लावा, रंगावर लावायचंच असेल तर संध्याकाळी ओल्या मायक्रोफायबरनं उचलून घ्या. हळदीचा डाग पांढऱ्या रंगावर राहिलाच तर शॅम्पूनं धुऊन उन्हात ठेवा, उन्हानं तो फिकटत जातो. झेंडूचा हार तारेत ओवलेला असेल तर बॉनेटवर टाकू नका. वाऱ्यानं हलला की तारेचं टोक रंगात रेघ ओढतं. दोऱ्यातला हार ग्रिलला बांधा. लिंबाचा किंवा नारळाच्या पाण्याचा शिंतोडा उडाला तर पाण्यानं लगेच धुवा, वाळलं की डाग धरतं.

प्रश्न (बैलहोंगल): वापरलेले पॅड कसे ठेवायचे?

उत्तर: काम संपल्या संपल्या धुवा, वाळलेलं कंपाउंड फोममधून निघत नाही. कोमट पाणी, थोडा भांड्यांचा द्रव साबण, बोटांनी दाबून धुवा, पिळू नका, वेल्क्रो सुटतो. स्वच्छ टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि फोमची बाजू खाली करून सावलीत वाळवा. पाठीवर मार्करनं "कंपाउंड" आणि "पॉलिश" लिहून ठेवा आणि एकाचा पॅड दुसऱ्याला वापरू नका. बंद होणाऱ्या पिशवीत ठेवा, कारण पॅडवर बसलेली अंगणातली धूळ पुढच्या वेळी थेट बॉनेटवर जाते. मायक्रोफायबर कपडे बाकीच्या कपड्यांसोबत धुऊ नका आणि सॉफ्टनर टाकू नका, धागे बुजतात. फोमचे तुकडे सुटू लागले किंवा कड फाटली की पॅड बदलायचा.